दहावा शब्द गोष्टीत सापडतो

कपाशीवर फवारणी सुरू झाली की आमच्या वॉर्डात अॅट्रोपिनचा खप वाढतो. घामाने चिंब झालेले अंग, तोंडाला फेस, श्वासाची घरघर आणि टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या, अशा अवस्थेत फवारणी करणारा मजूर आणला जातो. २०१७च्या हंगामात या विषबाधेमुळे आपला यवतमाळ जिल्हा देशभर बातम्यांत होता. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांवर अॅट्रोपिन हा जुना आणि खात्रीचा उतारा आहे. हे औषध मुळात ‘अॅट्रोपा बेलाडोना’ नावाच्या विषारी झुडपातून मिळाले. ‘बेल्ला दोन्ना’ म्हणजे इटालियन भाषेत सुंदर स्त्री. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून तिकडच्या स्त्रिया या झुडपाचा रस डोळ्यांत घालत, असे सांगतात.

पंचवीस वर्षे मी हे औषध केसपेपरवर लिहीत होतो, पण त्याच्या नावात इटालियन दडले आहे हे ध्यानातही आले नव्हते. मग असे शब्द दिसतच गेले. ‘माला आरिया’ म्हणजे खराब हवा. दलदलीच्या हवेने ताप येतो असे पूर्वी मानत, त्यावरून मलेरिया. ‘इन्फ्लुएन्झा’ म्हणजे प्रभाव, ग्रहताऱ्यांचा. ‘क्वारान्ता’ म्हणजे चाळीस. साथीच्या काळात जहाजे चाळीस दिवस बंदराबाहेर थांबवत, त्यावरून क्वारंटाइन. ‘पेल्ले आग्रा’ म्हणजे खरखरीत कातडी. मक्यावर जगणाऱ्या उत्तर इटलीतल्या गरीब शेतकऱ्यांच्या आजाराला मिलानच्या फ्रापोली या डॉक्टरने १७७१ मध्ये ‘पेलाग्रा’ हे नाव दिले. पुढे हाच आजार दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्या लोकांमध्ये हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन यांनी अभ्यासला.

२०२० मध्ये कोविड वॉर्डातली पाळी संपली की आम्हाला काही दिवस वेगळे राहावे लागे. त्या ‘क्वारान्ता’मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी मोबाइलवर इटालियन शिकायला लागलो.

गाडी अडते कुठे?

पहिली दोन वर्षे मजेत गेली. नमस्कार-चमत्कार, बाजारहाट, रेल्वेचे तिकीट, कुटुंबाची ओळख. दोन हजारांच्या आसपास शब्द झाले, व्याकरणाचे पुस्तक संपले. मग गाडी अडली. बातमी वाचायला घेतली की विषय कळे, पण म्हणणे कळत नसे. महिनोन् महिने तेच. वय झाले, आता डोक्यात शिरत नाही, असे स्वतःला सांगून मी जवळजवळ थांबलो होतो.

वयाचा दोष नव्हता, हिशेब साधा होता. इटालियन भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांनी १९८० मध्ये त्यांच्या भाषेतल्या पायाभूत शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साधारण सात हजार शब्दांची ही यादी आहे. त्यातले अगदी वरचे दोन हजार शब्द कोणत्याही मजकुरातली ८५ ते ९० टक्के जागा व्यापतात. म्हणजे दोन हजार शब्द आले की दहातले नऊ शब्द ओळखीचे होतात. पण हे नऊ असतात ‘आणि’, ‘पण’, ‘गेला’, ‘घर’, ‘मोठा’ असे. वाक्याचा जीव बहुतेक वेळा दहाव्या शब्दात असतो. हा दहावा शब्द दर वाक्यात वेगळा असतो आणि पुन्हा भेटायला कधीकधी महिना लागतो. म्हणून पहिले दोन हजार शब्द भराभर येतात आणि पुढचे पाच हजार येता येत नाहीत. कोणतीही परकी भाषा शिकणारा या टप्प्यावर अडतो.

या दहाव्या शब्दाची किंमत मला इटालियनमध्ये नाही, वॉर्डात कळली. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत अखिल भारतीय कोट्यातून परराज्यातली मुले येतात. कामापुरती मराठी ती वर्षभरात शिकतात. कुठे दुखते, किती दिवसांपासून, जेवण जाते का, हे त्यांना पाठ असते. राजस्थानातून आलेली एक हुशार इंटर्न रात्रपाळीला होती. साठीची, मधुमेहाची एक आजी आली. म्हणाली, “जीव घाबरा घाबरा होते जी, अन् अंगात कसर वाटते.” मुलीला ‘घाबरणे’ माहीत होते. तिने लिहिले, भीती वाटते. नाडी, रक्तदाब पाहिला, आजीला धीर दिला आणि बाकावर बसवले. पाऊण तासाने तिथून जाणाऱ्या, याच मातीतल्या सिस्टरच्या कानावर तेच वाक्य पडले. ती म्हणाली, “मॅडम, आधी ईसीजी काढून घ्या.” ईसीजीत हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता.

मधुमेही आणि वयस्क रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ येतेच असे नाही. नुसता जीव घाबरा होतो, दम लागतो, घाम येतो, हातपाय गळतात. हे आम्ही पुस्तकात शिकवतो, त्या मुलीलाही ते पाठ होते. पण ‘जीव घाबरा होणे’ म्हणजे भीती नव्हे, हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. आजी वाचली. ती मुलगी मात्र दोन दिवस नीट जेवली नाही. तिने नऊ शब्द बरोबर ऐकले होते.

सात मजल्यांचे इस्पितळ

माझी गाडी सुटली ती एका गोष्टीने. दीनो बुत्साती या लेखकाची ‘सेत्ते पियानी’, म्हणजे ‘सात मजले’, ही १९३७ सालची कथा. डॉक्टरने ती वाचू नये, इतकी ती खरी आहे. एका इस्पितळात सर्वांत सौम्य आजाराचे रुग्ण सातव्या मजल्यावर असतात. जसजसा आजार गंभीर, तसतसा मजला खालचा. पहिल्या मजल्यावर मरणपंथाला लागलेले. जुसेप्पे कोर्ते नावाचा माणूस अगदी किरकोळ तक्रार घेऊन सातव्या मजल्यावर दाखल होतो. मग कधी दुसऱ्या कोणाला खोली हवी म्हणून, कधी कागदी घोटाळा म्हणून, कधी खाली यंत्र चांगले आहे म्हणून, त्याला एकेक मजला खाली आणले जाते. प्रत्येक वेळी डॉक्टर गोड बोलतात, हे तात्पुरते आहे म्हणतात.

पहिल्या वाचनात मला अर्धेच कळले. तरी थांबवेना, कारण पुढच्या मजल्यावर काय होते ते हवे होते. ‘पियानो’ म्हणजे मजला, ‘मालातो’ म्हणजे आजारी, ‘शेन्देरे’ म्हणजे उतरणे, हे शब्द मला पाठ करावे लागले नाहीत. दर पानावर ते नव्या प्रसंगात येत होते आणि प्रत्येक उतरण्याबरोबर माझ्याही पोटात गोळा येत होता. ‘पियानो’चा दुसरा अर्थ ‘हळू’ असाही आहे. तो माणूस किती हळूहळू खाली आला हे लक्षात आल्यावर तो अर्थही कायमचा बसला.

यामागे मेंदूचे विज्ञान आहे. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले, की अर्थहीन अक्षरे पाठ केली तर त्यांतली बरीचशी पहिल्या दिवसातच विसरली जातात. मेंदू सुटी माहिती ठेवत नाही. नवा शब्द आधी हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरता नोंदला जातो. तो पुनःपुन्हा, थोड्या थोड्या अंतराने आणि वेगवेगळ्या संदर्भात भेटला, मध्ये चांगली झोप झाली, तर तो मेंदूच्या बाह्यपटलावर जुन्या शब्दांच्या जाळ्यात विणला जातो. शब्द पक्का व्हायला तो आठ-दहा वेळा भेटावा लागतो, असा साधारण अनुभव आहे. शब्दांच्या यादीत तो एकदाच भेटतो. गोष्टीत तेच गाव, तीच माणसे, तेच संकट असल्याने तेच शब्द परत परत येतात. शिवाय उत्सुकता, भीती, हसू या भावनांनी आठवणीला चिकटपणा येतो. एफएमआरआय तपासणीत असेही दिसले आहे, की गोष्टीतला माणूस हाताने वस्तू उचलतो तेव्हा वाचणाऱ्याच्या मेंदूतले तशा हालचालींशी संबंधित भागही जागे होतात. यादीतला शब्द मेंदू वाचतो, गोष्टीतला शब्द काही अंशी जगतो.

फिजी बेटांवरच्या खेड्यातल्या शाळांत १९८० च्या सुमारास एक साधा प्रयोग झाला. काही वर्गांना नेहमीचे इंग्रजीचे पाठ होते. काही वर्गांना गोष्टींची अडीचशेच्या आसपास सचित्र इंग्रजी पुस्तके दिली आणि रोज वाचू दिली. आठ-नऊ महिन्यांत पुस्तके वाचणाऱ्या मुलांची आकलनातली प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली. शाळा गरीब होत्या, शिक्षक तेच होते. फरक फक्त गोष्टींचा होता.

मराठी माणसाला सोपी जाणारी भाषा

इटालियन आपल्याला इंग्रजीपेक्षा जवळची वाटते, हा माझा सुखद धक्का. तिचा त आणि द आपलाच, दातांचा. जसे लिहितात जवळजवळ तसेच वाचतात. शास्त्रज्ञांच्या मोजणीनुसार इटालियनमधले २५ ध्वनी ३३ अक्षरे किंवा अक्षरजोड्यांत लिहिता येतात. इंग्रजीतले ४० ध्वनी लिहायच्या अकराशेहून जास्त तऱ्हा आहेत. जोडाक्षराचे महत्त्व आपल्याला शिकवावे लागत नाही. गडी आणि गड्डी यांत आपण गोंधळत नाही, तसे ‘नोनो’ म्हणजे नववा आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा.

इंग्रजीतून शिकणारे जिथे ठेचकाळतात, तिथे मराठी माणूस सरळ चालतो. ‘मी प्याचे’ म्हणजे शब्दशः ‘मला आवडते’. आवडणारी गोष्ट एकाहून जास्त असेल तर ‘मी प्याच्चोनो’, म्हणजे ‘मला आवडतात’. आपण ग्रंथ वाचला आणि चिठ्ठी वाचली म्हणतो. इटालियनमध्येही ‘तो मी वाचला’ म्हणताना ‘लेत्तो’ आणि ‘ती मी वाचली’ म्हणताना ‘लेत्ता’ येते. ‘आन्दावा’ म्हणजे जायचा, जात असे. ‘आन्दो’ म्हणजे गेला. गोष्ट सांगायची तर हे दोन्ही भूतकाळ लागतात. दुसरा भूतकाळ उत्तर इटलीतल्या रोजच्या बोलण्यात फारसा येत नाही, म्हणून शिकवण्या तो मागे ठेवतात. पण कथेचे पहिले पान त्याच्यावाचून उलटत नाही.

आकडे पाहा. संस्कृत सप्तचे प्राकृतात सत्त झाले आणि आपले सात. तिकडे लॅटिन सेप्तेमचे सेत्ते झाले. अष्टचे अट्ठ आणि आठ, तिकडे ओक्तोचे ओत्तो. दोन दूरच्या नातलगांनी आपापल्या अंगणात तेच केले.

काय वाचावे, कसे वाचावे

सुरुवात जान्नी रोदारी यांच्या ‘फाव्होले आल तेलेफोनो’, म्हणजे ‘टेलिफोनवरच्या गोष्टी’ या १९६२ च्या पुस्तकाने करावी. त्यातला बाप औषधे विकत गावोगाव फिरतो, आपल्याकडच्या एमआरसारखा. रोज रात्री फोनवरून मुलीला गोष्ट सांगतो. फोन महाग, म्हणून गोष्टी छोट्या. मग इतालो काल्व्हिनो यांनी १९५६ मध्ये संकलित केलेल्या दोनशे लोककथा आणि कोल्लोदींचा १८८३ चा पिनोक्यो. त्यानंतर बुत्साती. पुढे नातालिया जिन्झबुर्ग यांचे १९६३ चे ‘लेस्सिको फामिलियारे’. घरातल्या बोलण्यातल्या लकबींवर रचलेली ही कहाणी. त्यातले तापट वडील म्हणजे प्राध्यापक जुसेप्पे लेव्ही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या तिघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले: लुरिया, दुल्बेक्को आणि रीता लेव्ही-मोंताल्चिनी.

पुस्तक आपल्या पातळीचे आहे का, याची सोपी चाचणी आहे. शब्दकोशाशिवाय आनंदाने वाचायचे तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावेत, असे अभ्यास सांगतात. म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर पाच-सहा अनोळखी. त्याहून फार जास्त असतील तर पुस्तक काही महिने बाजूला ठेवावे. बुत्साती मी लवकर उचलला, म्हणून तो मला तीन वेळा वाचावा लागला.

पहिले वाचन शब्दकोश न उघडता करावे. दुसऱ्या वाचनात पानामागे पाचच शब्द पाहावेत, तेही ज्यांच्यावाचून गोष्ट अडते ते. वहीत सुटा शब्द नव्हे, त्याचे आख्खे वाक्य लिहावे. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून, काल काय घडले ते त्या भाषेत स्वतःला सांगावे. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहण्याने ज्ञान जास्त टिकते, हे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी प्रयोगाने दाखवले. काही पाने मोठ्याने वाचावीत. रोज अर्धा तास पुरतो, पण रोज हवा. आणि हे लक्षात असावे, की नुसत्या वाचनाने जीभ वळत नाही. बोलायला माणूस लागतोच.

म्हातारपणाचे औषध?

भाषा शिकल्याने स्मृतिभ्रंश टळतो का, हे मला नेहमी विचारतात. आपल्या शेजारच्या हैदराबादेत, निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला होता. निरक्षर रुग्णांतही हा फरक दिसला, म्हणजे तो केवळ शाळेचा परिणाम नव्हता. पण निरोगी माणसांना वर्षानुवर्षे पाहत केलेल्या इतर अभ्यासांत असा फायदा ठामपणे दिसलेला नाही. शिवाय हैदराबादचे रुग्ण जन्मभर दोन-तीन भाषांत जगलेले होते. पन्नाशीनंतर शिकलेल्या भाषेला तोच हिशेब लावता येणार नाही. रक्तदाब, साखर, ऐकू येणे, चालणे आणि माणसांत मिसळणे यांची काळजी आधी. भाषा शिकावी ती आनंदासाठी, इतर फायदा झाला तर वरकड.

मात्र पन्नाशीनंतर भाषा येत नाही, हे खरे नाही. पाठांतराचा वेग कमी होतो, पण अनुभवाचा साठा मोठा असतो आणि गोष्ट समजायला तोच लागतो. आपल्याला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात पवनारला राहिलेल्या विनोबांनी १९४२ च्या आंदोलनानंतर वेल्लोरच्या तुरुंगात तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषा एकदम शिकायला घेतल्या. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांच्या पुढे होते. बंगाली आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या झुंपा लाहिरी सुमारे वीस वर्षे अधूनमधून इटालियन शिकत होत्या. २०१२ मध्ये रोमला राहायला जाण्याआधी त्यांनी इंग्रजी वाचणे बंद करून फक्त इटालियन वाचायला घेतले. २०१५ मध्ये त्यांचे पहिले इटालियन पुस्तक आले, २०१८ मध्ये कादंबरी.

मी सध्या कार्लो लेव्ही यांचे ‘क्रिस्तो सि ए फेर्मातो आ एबोली’ वाचतो आहे. वैद्यकीची पदवी घेतलेल्या या चित्रकाराला मुसोलिनीच्या राजवटीने १९३५ मध्ये दक्षिणेतल्या एका दरिद्री खेड्यात स्थानबद्ध केले. मलेरियाने पोखरलेल्या त्या गावातले शेतकरी त्याच्या दाराशी येऊन बसत. तो सांगे, मी डॉक्टरकी करत नाही. ते उठत नसत. त्या पानांवर मला शब्दकोश फारसा लागत नाही. माणसे ओळखीची आहेत.

त्या इंटर्नला मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ दिली आणि ती संपल्यावर उद्धव शेळके यांची ‘धग’. “व्याकरण तुला येते, आता आमच्या गोष्टी वाच,” एवढेच म्हणालो. वऱ्हाडी बोलीने तिला आधी फेस आणला. इंटर्नशिप संपायच्या महिन्यात मी राउंडला गेलो, तेव्हा ती एका म्हाताऱ्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसली होती. केसपेपर मिटलेला होता. म्हातारा बोलत होता आणि ती मधे मधे फक्त “मंग?” म्हणत होती.